पेंटबॉलच्या सीओटू टाक्या आणि आपल्याकडचा उन्हाळा: भरणे, ठेवणे व मार्करवरून काढणे यांविषयी प्रश्न

वावरकर_उमरेड

नमस्कार मंडळी. उमरेडहून कऱ्हांडला अभयारण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे वडिलोपार्जित वावर आहे. त्यातल्या एका पडीत तुकड्यावर, कृषी पर्यटनाला जोड म्हणून, आम्ही पेंटबॉलचे छोटे मैदान सुरू केले आहे. मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) आणि त्यांना लागणाऱ्या सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, टाक्या पुण्याकडच्या एका बंद झालेल्या मैदानाकडून एकगठ्ठा घेतल्या. टाक्या ॲल्युमिनियमच्या असून बऱ्याचशा २० औंसी आणि काही १२ औंसी आहेत. हिवाळाभर सगळे सुरळीत चालले, परंतु मे महिन्याच्या सुट्ट्यांत गर्दी वाढली आणि त्याबरोबर तीन गोष्टी अशा घडल्या की जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, टिनाच्या शेडमध्ये उभी करून ठेवलेली एक भरलेली टाकी भर दुपारी कोणी हात न लावता फाडकन आवाज करून रिकामी झाली. गळ्यावरच्या व्हॉल्व्हला बाजूला जो लहान बोल्ट असतो त्यातून पांढरा लोट निघाला आणि टाकी आडवी पडून जागच्या जागी गरगर फिरली. जवळ कोणी नव्हते. दुसरी गोष्ट, एक मुलगा मार्करवरून टाकी काढत असताना गॅसचा आवाज नेहमीसारखा थोडक्यात थांबला नाही; त्याने टाकी बरीच फिरवली तरी फुसफुस चालूच राहिली, तेव्हा मी त्याला हात थांबवायला सांगितले आणि मार्कर टाकीसकट बाजूला ठेवून दिला. तो अजून तसाच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, नागपूरला टाक्या भरायला नेणे खर्चाचे पडते हे पाहून तालुक्याचा एक वेल्डिंगवाला त्याच्याकडच्या मोठ्या सिलिंडरवरून आमच्या टाक्या भरून द्यायला तयार झाला आहे. त्याच्याकडून भरून घ्याव्यात की घेऊ नयेत? आणि उन्हाळ्यात हा खेळ सीओटूवर चालवावा की नाही, याबद्दलही स्पष्ट मत हवे आहे.

हिंगणा_निवृत्त

वावरकर भाऊ, गॅस भरण्याच्या प्लांटवर नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. पेंटबॉल मी खेळलेलो नाही, परंतु कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आयुष्यभर हाताळले आहेत. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकाच आकड्यात आहे आणि तो आकडा ३१ अंश सेल्सिअस हा आहे.

कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ असते. जोवर दोन्ही एकत्र आहेत तोवर टाकीतला दाब फक्त तापमानावर ठरतो, टाकी अर्धी आहे की पाऊण आहे यावर नाही. शून्य अंशाला तो सुमारे ३५ बार (साधारण हवेच्या दाबाच्या पस्तीसपट) असतो, १० अंशाला ४५, २० अंशाला ५७ आणि ३० अंशाला ७२ बारच्या आसपास. परंतु ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव राहतच नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसची ही मर्यादा, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनची, ९६ अंशांच्या पुढे असल्यामुळे नवतप्यातही तो सिलिंडरमध्ये निवांत द्रवरूप पडून असतो. सीओटूला मात्र आपला मार्च महिनाच पुरतो. त्या मर्यादेपलीकडे टाकीत किती वजन कोंबले आहे यावर दाब ठरू लागतो, आणि भरलेल्या टाकीत तो दर अंशाला झपाट्याने चढतो.

२० औंसी टाकीत ५६७ ग्रॅम वायू भरायचा असतो आणि तिच्यात पाणी मावते सुमारे ८३५ मिलिलिटर. म्हणजे पाण्याच्या मापाच्या ६८ टक्के वजन. इतके भरले तर २७ अंशांच्या सुमारास वाफेची मोकळी जागा संपून टाकी काठोकाठ द्रवाने भरते. तिथून पुढे हिशेब बदलतो. ४० अंशांना दाब ११० बारच्या आसपास, ५० अंशांना १४५च्या आसपास, ६० अंशांना १८०च्या आसपास आणि ७० अंशांना २०० बार ओलांडून जातो. तुमच्या टाकीच्या खांद्यावर ‘३एएल १८००’ असा ठसा असेल तर तिचा कामाचा दाब १८०० पीएसआय, म्हणजे १२४ बार आहे, चाचणीचा दाब ३००० पीएसआय, म्हणजे साधारण २०७ बार आहे आणि बाजूच्या त्या बोल्टातली पातळ तांब्याची चकती बहुधा २८०० ते ३००० पीएसआयच्या दरम्यान फुटावी अशी बनवलेली असते. मे महिन्यातले टिनाचे शेड, पत्र्यालगतची फळी आणि वरून थोडी जास्त भरलेली टाकी, एवढे जुळून आले की चकती फुटणारच. तुमच्या शेडमध्ये चकतीने आपले काम चोख बजावले, असेच मी म्हणेन. तिच्या जागी नवी चकती त्याच दाबाची आणि नव्या वायसरसह बसवून घ्या. ‘पुन्हा फुटू नये’ म्हणून दोन चकत्या एकावर एक बसवणारे किंवा तिथे आंधळा बोल्ट ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे केले की पुढच्या वेळी फुटायला फक्त टाकीच उरते.

आता भरण्याचे. सीओटूची टाकी वजनावर भरायची असते. गेजवर, आवाजावर किंवा गार लागणाऱ्या रेषेवर भरायची नसते. रिकाम्या टाकीचे वजन व्हॉल्व्हसकट करून तिच्यावर रंगाने लिहून ठेवा. भरताना काटा त्या वजनाच्या वर ५६७ ग्रॅमला, १२ औंसीला ३४० ग्रॅमला, थांबलाच पाहिजे, आणि काटा पाच ग्रॅम ओळखणारा असावा, भाजीचा नसावा. यात सगळ्यात मोठा धोका गार टाकीचा आहे. भरण्यापूर्वी थोडा वायू सोडून टाकी गार करतात, त्याशिवाय द्रव नीट आत येत नाही, ही रीत योग्यच आहे. परंतु शून्य अंशाच्या टाकीत त्याच ८३५ मिलिलिटरमध्ये साडेसातशे ग्रॅमच्या वर द्रव सहज मावतो, कारण तेव्हा तो दाट असतो. काट्याविना भरणाऱ्याला वाटते, छान भरली. ती टाकी सावलीतल्या ४० अंशांपर्यंत आली तरी दाब चकतीच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. मार्च ते जून या काळात मी तर ५६७ऐवजी ४५० ग्रॅमवरच थांबेन. एक पंचमांश कमी भरल्याने ५० अंशांना दाब ११५ बारच्या आसपास, म्हणजे टाकीच्या कामाच्या दाबाच्या आतच राहतो. गोळ्या थोड्या कमी सुटतील, त्याला इलाज नाही.

वेल्डिंगवाल्याबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे, आणि त्याची कारणे त्या माणसाच्या हुशारीशी संबंधित नाहीत. हल्ली वेल्डिंगच्या दुकानातले सिलिंडर बरेचदा आर्गन आणि सीओटूच्या मिश्रणाचे असते. ते मिश्रण द्रवरूप होत नाही आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाबाने असते. १२४ बारच्या टाकीला ते जोडले तर वजनाचा काटा ५६७ ग्रॅमच्या जवळपासही जाणार नाही आणि दाब मात्र मर्यादेबाहेर गेलेला असेल. सिलिंडर शुद्ध सीओटूचे असले तरी वेल्डिंगच्या सिलिंडरला आत द्रव उचलणारी नळी सहसा नसते. मग ते जड धूड उलटे करून बाजेला किंवा टायरला टेकवतात. शिवाय दुकानात तापमान ३५ अंश असेल तर त्या मोठ्या सिलिंडरमध्ये द्रव नसतोच, त्यामुळे भरणे धड होत नाही आणि मग गरम पाणी ओतणे वगैरे उद्योग सुरू होतात. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २८ अंशांच्या फारसा खाली येत नाही हे लक्षात घ्या. परवानाधारक प्लांटवर पंपाने आणि काट्यावर भरतात, तिथेच न्या.

कायद्याचाही प्रश्न आहे. १८८४च्या स्फोटके अधिनियमाखालचे २०१६चे गॅस सिलिंडर नियम ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या आणि १००० लिटरपर्यंतच्या बंद धातूच्या पात्राला सिलिंडर मानतात. तुमच्या २० औंसी टाक्या त्यात येतात. १२ औंसी अगदी सीमारेषेवर आहेत. असे सिलिंडर भरायला परवाना लागतो, बाहेर देशातून आणलेल्या सिलिंडरला मंजुरी लागते आणि सीओटूच्या सिलिंडरची जलदाब चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. हे सगळे पाहणाऱ्या ‘पेसो’चे (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. तेव्हा चौकशीला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. टाकीच्या खांद्यावर शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ते आधी वाचा. पाच वर्षे उलटली असतील तर ती टाकी भरूच नका.

मार्करमिस्त्री_चांदा

निवृत्त साहेबांनी टाकीचे सांगितले. मी मार्करच्या बाजूने सांगतो, कारण तुमची दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक गंभीर आहे आणि तुम्ही त्या मुलाला थांबवलेत हे फार बरे केलेत.

मार्करवरून टाकी काढताना प्रत्यक्षात काय होते ते पाहा. टाकीच्या गळ्यात व्हॉल्व्ह आट्यांनी बसवलेला असतो आणि तोच व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाच्या आट्यांनी मार्करमध्ये शिरतो. म्हणजे एका सरळ रेषेत आट्यांचे दोन सांधे आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने, डावीकडे फिरवून, सुटतात. आपण टाकी फिरवतो तेव्हा कोणता सांधा सुटावा हे आपण ठरवत नाही, जो सैल असेल तो सुटतो. मार्करकडचा सांधा सुटला तर पाऊण फेऱ्यात व्हॉल्व्हमधली, मार्करने दाबून धरलेली पिन मागे येते, व्हॉल्व्ह बंद होतो, अडकलेला थोडा वायू फुस्स करून जातो आणि शांतता होते. आटे अजून धरून असतात, मग टाकी निवांत काढता येते. परंतु व्हॉल्व्ह मार्करमध्ये घट्ट अडकलेला राहिला आणि टाकीच व्हॉल्व्हवरून उलगडू लागली, तर पिन दाबलेलीच राहते, वायू येतच राहतो आणि शेवटचा आटा सुटला की हातातली टाकी बाणासारखी सुटते. अमेरिकेत अशा प्रकारे सुटलेल्या टाक्यांनी दोन जणांचा जीव गेल्यावर तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००४ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

म्हणून खूण करून ठेवायची. घरातली लाल नखपॉलिश घ्या. टाकीचा गळा आणि पितळी व्हॉल्व्ह जिथे भेटतात तिथे, दोन्हींवरून जाईल अशी एक उभी रेघ ओढा आणि वाळू द्या. टाकी काढताना नजर त्या रेघेवर हवी. टाकी आणि व्हॉल्व्ह एकत्र फिरत असतील तर रेघ सलग राहते. व्हॉल्व्ह थांबून टाकी एकटीच फिरली तर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात, आणि ते केसभर सरकले तरी तिथेच थांबायचे. रेघ नसेल तर नियम असा ठेवा की एक पूर्ण फेरा झाला तरी आवाज थांबला नाही, म्हणजे दुसरा फेरा घ्यायचा नाही, टाकी परत उजवीकडे घट्ट करायची.

तुमच्याकडे बाजूला ठेवलेल्या त्या मार्करचे असे करा. टाकीचा तळ किंवा तोंड कोणाच्याही दिशेला येणार नाही असा तो धरा, टाकी हळूच उजवीकडे फिरवून मूळ जागी आणा आणि मग मोकळ्या वावरात, गोळ्या काढून घेतलेल्या मार्करचा चाप ओढत राहून टाकी पूर्ण रिकामी करा. घाई करू नका, मध्ये टाकी गार पडून दाब उतरतो आणि ती रिकामी झाल्यासारखी वाटते. अर्ध्या तासाने पुन्हा चाप ओढून पाहा आणि शेवटी वजन करून रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. खात्री पटल्यावरच ती काढा. तो व्हॉल्व्ह पुन्हा बसवण्याचे काम गावातल्या पान्याने आणि टेफ्लॉनच्या पट्टीने करू नये. ते ठरावीक पिळावर घट्ट करायचे आणि दाबाखाली तपासायचे काम आहे, आणि ज्याच्याकडे त्याची सोय आहे त्यानेच करावे. पुण्याकडच्या जुन्या मैदानावर कोणी व्हॉल्व्ह बदलले होते का, हे विकणाऱ्याला अवश्य विचारा. माझा अंदाज असा की बदलले असावेत.

टाक्या सुंदर दिसाव्यात म्हणून एमआयडीसीत पावडर कोटिंगला देण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल तर ती सोडून द्यावी. त्या भट्टीचे तापमान १८० अंशांच्या वर जाते आणि ३एएल प्रकारची ॲल्युमिनियमची टाकी १७७ अंशांच्या पलीकडे तापली की नियमाप्रमाणे बादच करावी लागते, दिसायला कितीही नवी दिसो.

सोडावाला_पुसद

निवृत्त साहेबांचा पूर्ण मान राखून लिहितो. आमच्या घरात सोड्याचा धंदा आहे आणि जत्रेच्या दिवसांत सीओटूच्या सिलिंडरशिवाय आमचे पान हलत नाही. मोठ्यावरून लहान सिलिंडर आम्ही भरत आलो आहोत. भरताना बाहेरून जिथपर्यंत दव धरते तिथपर्यंत द्रव आला असे समजतो आणि तीन बोटे रिकामी ठेवतो. आजवर काही झालेले नाही. इतके घाबरवण्याची गरज आहे का, असा माझा प्रश्न आहे.

हिंगणा_निवृत्त

सोडावाले भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. तुमची लहान सिलिंडरे बहुधा पोलादी आणि जाड भिंतीची असतील आणि भरल्यावर ती लगेच गाडीवर लागून दिवसभरात रिकामी होत असतील. पेंटबॉलची टाकी भरून दोन-तीन दिवस उन्हाळ्यात पडून राहते, खेळणाऱ्या पोराच्या खांद्याला लागून असते आणि तिचे तोंड त्याच्या गालापासून हातभर अंतरावर असते. दवाची रेषा द्रवाची पातळी दाखवते हे खरे. परंतु द्रवाची पातळी वजन सांगत नाही, कारण गार द्रव दाट असतो आणि कोमट द्रव विरळ. हिवाळ्यातली तीन बोटे आणि उन्हाळ्यातली तीन बोटे यांत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. घरच्या गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर घेताना आपण टाकी हलवून पाहत नाही, काट्यावर घालायला लावतो. इथेही तेवढेच करायचे आहे. परवान्याचे जे वर लिहिले ते सोड्याच्या सिलिंडरलाही लागू आहे, हे जाता जाता सांगतो.

वावरकर_उमरेड

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सर्व टाक्यांचे ठसे वाचले. दोन टाक्यांवर २०१४चा ठसा आहे आणि त्यानंतर काहीच नाही. त्या वेगळ्या काढून ठेवल्या. बाकीच्यांवर नखपॉलिशची रेघ ओढून घेतली (घरच्या मंडळींना कारण समजावून सांगावे लागले). वेल्डिंगवाल्याला नम्रपणे नाही म्हटले. त्याच्याकडचे सिलिंडर खरोखरच मिश्रणाचे निघाले.

आणखी दोन शंका आहेत. सकाळी वेगमापकावर मार्कर २७० फूट प्रतिसेकंदावर लावला तरी दुपारी काही गोळ्या फार जोरात लागतात अशी तक्रार येते, आणि कधीकधी मार्करच्या नळीतून पांढरा भुगा उडतो. हे टाकीमुळे होते का? आणि टाक्या ठेवायच्या कुठे? शेडशिवाय आमच्याकडे एक विटांची खोली आहे, तिला खिडकी नाही, पण आत बरीच गार असते.

मार्करमिस्त्री_चांदा

दोन्ही गोष्टी टाकीमुळेच होतात. साध्या मार्करमध्ये टाकीतला दाब वाढला की गोळीचा वेग वाढतो. सकाळी २६ अंशांना लावलेला मार्कर दुपारी ४३ अंशांना तसाच राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे. जगभर मैदानांवर ३०० फूट प्रतिसेकंद ही कमाल मर्यादा मानतात. तीन ग्रॅमची गोळी त्या वेगाने निघाली की तिच्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते आणि मुखवट्याची काच तेवढ्यासाठी बनवलेली असते, त्यापुढच्यासाठी नाही. आमच्याकडे प्रत्येक डावाआधी वेग मोजतात आणि उन्हाळ्यात २६० वरच लावतात. दाब कमी करणारा रेग्युलेटर मध्ये बसवला तर हा चढउतार बराच आटोक्यात येतो.

पांढरा भुगा म्हणजे टाकीतला द्रव थेट मार्करमध्ये शिरून नळीत गोठणे. खेळाडू धुऱ्याआड पोटावर पडून नळी खाली करतो तेव्हा मागची टाकी वर जाते आणि तिचे तोंड खाली होते. मग वाफेऐवजी द्रव येतो. एका क्षणी गोळी मरतुकडी जाते आणि दुसऱ्या क्षणी तोच द्रव उकळून फार जोरात सुटते. टाकीत वाकडी नळी बसवलेली असेल तर ती वाफच उचलते, परंतु ती नळी ज्या मार्करवर टाकी लावून वरच्या बाजूला वळवून बसवली त्याच मार्करवर बरोबर चालते. टाक्यांची अदलाबदल केली की तिचे तोंड खाली येऊ शकते आणि मग ती द्रवच ओढते. म्हणून नळीवाल्या टाक्यांना मार्करचा क्रमांक घाला. आणखी एक पाहा. टाकीच्या तोंडावरची ओ-रिंग काळ्या नायट्राइल रबराची असेल तर सीओटू तिच्यात मुरतो, दाब सुटला की ती फुगते आणि चिरते. पिवळसर पारदर्शक युरेथेनची घ्या. गळती शोधायला साबणाचे पाणी पुरते, कान लावून ऐकू नका. सुटलेल्या द्रवाचा भुगा उणे ७८ अंशांचा असतो, कातडी जाळतो. टाकी काढताना चामडी हातमोजे आणि मुखवटा हवाच.

रसायन_यवतमाळ

खोलीच्या प्रश्नावर शिक्षक या नात्याने थोडे लिहितो, कारण वरच्या चर्चेत हा मुद्दा सुटला आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे आणि त्याला वास नाही. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी आपल्याकडे कंदील सोडून पाहतात ते याच जातीच्या वायूसाठी. बंद, बिनखिडकीच्या खोलीत तो जमिनीलगत साठत जातो.

हिशेब करून पाहा. एक किलो सीओटू मोकळा झाला की साधारण अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त होतो. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच खोली सुमारे ३४ घनमीटरची असते. एका २० औंसी टाकीची चकती तिथे फुटली तर हवेत जवळजवळ एक टक्का सीओटू होईल. दिवसभर काम करण्याच्या जागी अर्धा टक्का ही मर्यादा मानतात, म्हणजे डोके जड होईल, पण माणूस दार उघडून बाहेर येईल. पाच टाक्या एकापाठोपाठ गेल्या तर चार टक्क्यांच्या वर जाईल आणि तो जिवाला तात्काळ धोका मानला जाणारा आकडा आहे. म्हणून खोली गार असली तरी जमिनीलगत आणि छतालगत जाळीचे झरोके पाडल्याशिवाय तिथे टाक्या ठेवू नका, आणि रात्री तिथे कोणाला झोपू तर मुळीच देऊ नका.

मैदानावर दिवसभरासाठी मी दुसरा उपाय सुचवेन. कडुलिंबाच्या दाट सावलीत, वाऱ्याच्या बाजूला, लाकडी खोक्यात टाक्या उभ्या ठेवाव्यात आणि वरून ओले गोणपाट घालून ते वाळू देऊ नये. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की ओल्या गोणपाटाखाली तापमान तिशीच्या खाली येते. कुलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. जून लागून हवा दमट झाली की हा उपाय निकामी होतो, पण तोवर उन्हाचा कडाकाही ओसरलेला असतो.

वावरकर_उमरेड

सर, झरोक्यांचे काम या आठवड्यातच करून घेतो. सीओटू सोडून दाबाच्या हवेवर जावे का, हेही कोणी सांगावे. आणि नागपूरहून भरलेल्या टाक्या आणताना गाडीत कशा ठेवाव्यात?

मार्करमिस्त्री_चांदा

परवडत असेल तर हवाच बरी. हवा द्रव होत नसल्याने २०० बारची टाकी २५ वरून ५० अंशांवर गेली तरी दाब २१७ बारच्या आसपास जातो, एवढेच. वेग दिवसभर एकसारखा राहतो, ओ-रिंगा टिकतात. परंतु तिच्यासाठी २०० बारचा कॉम्प्रेसर लागतो. तो तेलविरहित, श्वसनाच्या हवेसाठीचा हवा, आणि पंक्चरवाल्याचा चालणार नाही, तो दहा बारला दमतो. हवेच्या टाकीच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, कारण उच्च दाबाने हवा घुसताना ते पेट घेऊ शकते. सीओटूची टाकी हवेसाठी वापरता येत नाही, २०० बारसाठी ती बनवलेलीच नसते. पर्यटकांचा हंगाम हिवाळ्याचा असेल तर सीओटू ठेवा आणि एप्रिल-मे मैदान सकाळी दहापर्यंतच चालवा, असे मी सांगेन.

रसायन_यवतमाळ

गाडीबद्दल: बंद कारच्या आतली जागा सुमारे तीन घनमीटर असते. एका २० औंसी टाकीतला वायू तिथे सुटला तर हवेत दहा टक्के सीओटू होतो आणि इतक्यात चालक काही मिनिटांत, काचा खाली करण्याआधीच, बेशुद्ध पडू शकतो. डिकी मागच्या सीटला जोडलेलीच असते, त्यामुळे तिचा आडोसा धरू नका. शिवाय उन्हात उभ्या गाडीची डिकी फार तापते. छोट्या मालवाहू गाडीच्या मोकळ्या हौद्यात, खोक्यात उभ्या, पट्ट्याने बांधलेल्या, व्हॉल्व्हवर टोपी घातलेल्या आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या अशा टाक्या आणा. प्लांटवरून सकाळी निघा आणि वाटेत कुठे चहाला थांबलात तर गाडी झाडाखाली लावा.